डॉलरचं चिन्ह काढताना

जेक्वेरी वापरलेल्या कोडमध्ये जागोजागी डॉलरचं चिन्ह दिसतं. सध्या एका जुन्या साइटमधून मी ही चिन्हं एकेक करून काढतोय. अ‍ॅडक्लासच्या जागी क्लासलिस्ट, अ‍ॅजॅक्सच्या जागी फेच, असं साधं जावास्क्रिप्ट लिहितोय. मित्र म्हणतो, ‘स्वावलंबी झालास!’ हा शब्द इथे बसतो का?

साताऱ्या-सांगलीकडे हा शब्द शाळेतच भेटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, कामं करून शिकायची. पण त्या स्वावलंबनामागे गावोगावच्या लोकांची मदत होती, लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने होते. स्वावलंबन म्हणजे कुणाचाच आधार न घेणं, असा अर्थ तिथे कधीच नव्हता.

जॉन रेसिगने २००६ मध्ये जेक्वेरी आणली, तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती. ती कटकट जेक्वेरीने आपल्या अंगावर घेतली. तिचं ‘क्लोजेस्ट’ पुढे ब्राउझरमध्येच त्याच नावाने आलं. आज मी ज्याला ‘साधं’ म्हणतो, त्यात तीही मुरलेली आहे.

मग काढायची कशाला? ओझं कोण वाहतं, म्हणून. दाबून पाठवली तरी ती सुमारे ३० केबी भरते. पाटण खोऱ्यात किंवा जत तालुक्यात, रेंज जेमतेम असलेल्या फोनवर ती उतरते. सोय माझी, डेटा त्याचा.

दुसरं कारण २०१६ चं. लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर कितीतरी प्रोजेक्टचे बिल्ड अडकले. त्या ओळी कुणालाही लिहिता आल्या असत्या. पण आपण त्यांच्यावर उभे आहोत, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

आधार घेण्यात कमीपणा नाही. तो कुणाचा घेतलाय हे माहीत नसणं, आणि त्याची किंमत तिसऱ्याने भरणं, हे मात्र चूक.

म्हणून जे मला समजतं, तपासता येतं आणि पुढे सांभाळता येईल, तेवढंच मी काढतो. टाइमझोनचा हिशेब करणारी लायब्ररी ठेवली आहे. ती स्वतः लिहायला घेतली तर ते स्वावलंबन नाही, हौस झाली. आणि माझ्या हौसेपायी कुणाची तरी एसटी चुकेल.