निकालपत्रातला देव

धाराशिवच्या कोर्टात मी बेंच क्लार्क होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की शपथ देणं माझ्याकडे. ईश्वरासमक्ष खरं सांगेन, असं म्हणवून घ्यायचं. तुळजापूरकडची माणसं तेवढ्यावर थांबत नसत, हळूच आई भवानीची आण जोडून देत. मग त्यातलेच काही बिनदिक्कत खोटं बोलत. न्यायाधीश त्यांची साक्ष अविश्वसनीय ठरवत. पण या माणसाची भवानी म्हणजे नुसतं निमित्त आहे, असं कुठल्या निकालात लिहिलेलं मी पाहिलं नाही.

म्हणूनच न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकरांचा १९०९ चा निकाल मला खुपतो. माणूस लहान नव्हता. होन्नावरला १८५५ साली जन्मलेले, वकील, 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी बाजूचे संपादक, १९०० साली लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, लगेच पुढच्या वर्षी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. त्याच वर्षी रानडे गेले आणि प्रार्थना समाजाची धुराही यांच्याकडे आली. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी मिशन काढलं, तेव्हा अध्यक्ष म्हणून उभे राहिले ते हेच. एरवी हायकोर्टात निकाल द्यायचे, रविवारी गिरगावच्या मंदिरात तुकोबांवर बोलायचे. समाजाला मूर्ती मान्य नाही, अवतार मान्य नाही.

अशा माणसापुढे बाबाराव सावरकरांचं अपील आलं. नाशिकच्या सेशन कोर्टाने जूनमध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची, दिली होती. कारण एक कवितांचं पुस्तक. त्यात देव होते, शिवाजी महाराज होते, युद्ध होतं. खंडपीठावर शेजारी न्यायमूर्ती हीटन, पण मराठी कवितेचा अर्थ लावणार चंदावरकरच. त्यांनी लावला: देवांची आणि वीरांची नावं केवळ निमित्त आहेत, खरा मजकूर परक्या सरकारविरुद्ध तलवार उचला हाच. नोव्हेंबरमध्ये शिक्षा कायम झाली.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, मुंबईचा हुकूम इथे चालत नव्हता. पण देवीने महाराजांना तलवार दिली, ही श्रद्धा तुळजापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. इतिहास काही का म्हणेना, इथे देव आणि तलवार वेगळी काढताच येत नाहीत. ज्याला हातात शस्त्र घेतलेला देवच मान्य नाही, त्याला ते नाव निमित्त वाटणारच. इंग्रज न्यायाधीशाने कदाचित भाषांतर वाचून नुसता राजद्रोह पाहिला असता. चंदावरकरांना मराठी कळत होतं, धर्म कळत होता, आणि अडचण तिथेच झाली. रविवारचा उपदेशक निकालपत्रात उतरला.

दुसऱ्याची भक्ती तोलणारी एक परीक्षा आमच्या तेरलाही झाली होती. मुक्ताबाईंनी विचारलं, यातली मडकी पक्की किती? कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारत गेले. नामदेव रागावले, म्हणून कच्चे ठरले. इथवर कथा सगळे सांगतात. मी पुढचं बघतो. परीक्षा घेणारा कोण? भजनाच्या नादात स्वतःचं मूल चिखलात तुडवलेला माणूस. भक्तीने काय काय होऊ शकतं, हे त्याने घरात भोगलं होतं. आणि नामदेवांना शिक्षा काय झाली? ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू भेटला. बाबाराव अंदमानला गेले.

माझे एक वकील स्नेही यावर हसतात. म्हणतात, आरोपीने पुराणाची ढाल पुढे केली तर न्यायाधीशाने गप्प बसायचं काय? कायदा हेतू बघणारच. मान्य. पुस्तक बंडाचं होतं, हे मीही नाकारत नाही. डिसेंबर १९१० मध्ये बाबारावांचे धाकटे भाऊ विनायकराव यांना जन्मठेप देणाऱ्या तिघांतही चंदावरकर होते. त्या कायद्याखाली दुसरा निकाल निघाला असता, असं मला वाटत नाही.

पण हेतू बंडाचा आहे, एवढं लिहिलं की निकाल पुरा होत होता. बंड करणाऱ्याची देवावर खरीच श्रद्धा असू शकते. कवीच्या मनात देव खरा होता की निमित्ताचा, हे ठरवायला न्यायमूर्तींपुढे कोणता पुरावा होता? शिवाय सरकारविरुद्ध युद्धाच्या कलम १२१ ला त्याची गरजही नव्हती.