विद्या आणि न्याय

विद्येनें मनुष्य न्यायी होतो, असें आपण सहज म्हणतों. अनुभव मात्र निराळा आहे. अन्यायाचें समर्थन करण्यास लागणारें वाक्‌चातुर्य बहुधा आम्हां पदवीधरांजवळच असतें. मग विद्येचा न्यायाशीं संबंध कोणता?

१८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें केलेल्या निवेदनांत याचें उत्तर सांपडतें. वरिष्ठ वर्गास दिलेली विद्या आपोआप खालीं झिरपेल, ही समजूत त्यांनीं खोडून काढली आणि निदान वयाच्या १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. तिचें मर्म उघड आहे. कर्जखत ज्यास वाचतां येत नाहीं, त्यास सावकाराच्या सज्जनपणावर विसंबावें लागतें. आणि दुसऱ्याच्या सज्जनपणावर विसंबणारा हक्क हा हक्क नव्हे, ती भिक्षा होय.

शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत असें शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. सबंध देशासाठीं तसा कायदा होण्यास २००९ साल उजाडलें. हा विलंब कांहीं निरक्षरांनीं केला नाहीं.

विद्येनें आम्ही न्यायी होऊंच असें नाहीं. परंतु ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या हातीं अक्षर आलें, म्हणजे त्यास आमच्या न्यायबुद्धीची वाट पाहत बसावें लागत नाहीं. विद्येचें खरें मोल मला यांतच दिसतें.