सरईचं बी आणि चॉकलेटचं नाव

मे महिन्यात रायपुरात चॉकलेट फ्रिजबाहेर टिकत नाही. कोकोचं लोणी 34 अंशांच्या आसपास वितळतं. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते त्यामुळेच, आणि दुकानातून घरी येईपर्यंत त्याचा लगदा होतो तोही त्यामुळेच. नेमक्या याच दिवसांत, पावसाच्या आधी, बस्तर-कांकेरच्या जंगलांत सालाचं बी गळतं. छत्तीसगडीत सालाला सरई म्हणतात. तो या राज्याचा राजवृक्ष. पंख असलेलं बी गिरक्या घेत खाली येतं. बायका-पोरं ते झाडून गोळा करतात, वाळवतात, पंख जाळतात, टरफल कुटून काढतात. पाऊस लागला की बी वाया जातं, म्हणून सगळी घाई.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. सालाच्या बियांतली चरबी कोकोच्या लोण्याशी मिळतीजुळती असते, आणि तिचा घट्ट भाग वेगळा काढून मिसळला तर चॉकलेट उन्हात जरा जास्त टिकतं. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटमध्ये कोकोबाहेरच्या सहा वनस्पतींची चरबी 5 टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरवलं. त्या यादीत पाम आहे, आफ्रिकेतलं शिया आहे, आंब्याची कोय आहे, आपलं साल आहे. आणि कोकमही आहे. कोकणात ज्याचा मुठेल करून थंडीत टाचांच्या भेगांना लावतात, तेच कोकम.

हा निर्णय सहज झाला नव्हता. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क 1973 साली संघात आले तेव्हापासून वाद चालू होता. त्यांच्याकडे अशी चरबी चालत असे. फ्रान्स-बेल्जियमला ती भेसळ वाटे. इटली आणि स्पेनने तर असा माल ‘चॉकलेटचा पर्याय’ म्हणूनच विकावा अशी सक्ती केली होती. जानेवारी 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने ती चूक ठरवली. तो माल चॉकलेटच. फक्त कोकोच्या लोण्याखेरीज इतर वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ आहेत एवढं वेष्टनावर छापायचं.

भेसळ कशाला म्हणायचं? शुद्धतावाद्यांचा मुद्दा इतिहासापुढे टिकत नाही. मध्य अमेरिकेत चॉकलेट हे कडू पेय होतं, त्यात मिरचीही पडे. साखर युरोपने घातली. कोको दाबून लोणी वेगळं काढण्याची डच पद्धत 1828 ची, ब्रिस्टलच्या फ्रायची खायची वडी 1847 ची, स्वित्झर्लंडमधलं दूध घातलेलं चॉकलेट 1875 चं. दूध चाललं, मग सरई का नाही? आपल्या लहानपणी जी चव होती तिलाच आपण मूळ म्हणतो, एवढंच.

पण प्रामाणिकपणाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो टिकतो. खाणाऱ्याला आपण काय खातो ते कळलं पाहिजे. वेष्टनावरची ओळ तेवढं काम करते. मात्र ‘वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ’ या शब्दांत सरई नाही, कोकम नाही, जंगल नाही, हात नाहीत. खाणाऱ्याची फसवणूक टळली, वेचणारीचं काय?

कुणी म्हणेल, नावाने पोट भरत नाही, भाव द्या. छत्तीसगडमध्ये सरकारने सालबियाची आधारभूत किंमत किलोला 20 रुपये ठरवली, ती सहकारी संस्थांमार्फत मिळते. हा आधार खरा आहे. पण इथेच खरा पेच आहे. सरईची चरबी घेतली जाते ती मुख्यतः कोकोच्या लोण्यापेक्षा स्वस्त म्हणून. ती महागली की कारखाना पामकडे वळू शकतो. ज्याची किंमतच स्वस्तपणात आहे, त्याच्यासाठी न्याय्य भाव मागायचा कसा? शिवाय चॉकलेटमध्ये सरई जितकी जाईल तितकं कोकोचं लोणी कमी लागेल. म्हणून तो नियम होताना कोको पिकवणाऱ्या आफ्रिकी देशांनी विरोध केला होता. बस्तरमधल्या बाईचा फायदा म्हणजे आयव्हरी कोस्टमधल्या शेतकऱ्याचा तोटा, अशी ही मांडणी आहे. दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत.

मला वाटतं, नाव आणि भाव वेगळे काढता येत नाहीत. बिननावाच्या मालाची जागा दुसरा कुठलाही बिननावाचा माल घेऊ शकतो. नाव असलेल्याची जागा तितक्या सहज घेता येत नाही. मडगावच्या बाजारात आमसूल मागणारा दुसरं काही आंबट घेऊन परत जात नाही. ‘स्निग्ध पदार्थ’ कुठूनही येतो, सरई मात्र सरईच्याच जंगलातून येते. वेष्टनावर ‘साल’ छापलं म्हणून उद्या भाव दुप्पट होणार नाही. पण ग्राहकाला निदान विचारता येईल की ही कुठली, कुणी वेचली, किती मिळाले. आज त्याला प्रश्नच सुचत नाही, कारण प्रश्न ज्यावर टेकेल तो शब्दच छापलेला नाही.

म्हणून भेसळीची व्याख्या मी थोडी बदलून घेतली आहे. दुसरी वस्तू मिसळणं ही भेसळ नव्हे. मिसळून तिचं नाव बुडवणं ही भेसळ, मग खाणाऱ्याची फसवणूक झालेली असो वा नसो. जून उजाडेल तेव्हा रायपूरच्या दुकानातला फ्रिज घरघरत असेल, आणि दक्षिणेच्या जंगलात पहाटे कुणी आभाळाकडे बघत झाडाखालची जमीन झाडत असेल. वेष्टन उलटून बारीक अक्षरं वाचायला मला काही क्षण लागतात. तेवढे तरी मी देणं लागतो.