पोटात ठेवलेली गोष्ट

‘ही गोष्ट पोटात ठेव,’ असे आपण एकमेकांना सहज सांगून जातो. दोन वर्षांपूर्वी हा वाक्प्रचार आमच्या घरात अक्षरशः खरा ठरला. त्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आणि आजही तो आमची पाठ सोडत नाही. तो वाचकांपुढे मांडावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

जोगेश्वरी पूर्वेला राहणारे आमचे काका त्या वेळी ७४ वर्षांचे होते. कारखान्यातील नोकरीतून निवृत्त झालेले, चालते-फिरते गृहस्थ. पहाटे इस्माईल युसुफ महाविद्यालयाच्या टेकडीकडे फेरी, तेथून परतताना मिस्सा, हा त्यांचा नेम. लघवीच्या तक्रारीसाठी त्यांची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांना भलतेच काही दिसले. हृदयातून निघून पोटात उतरणारी जी महाधमनी, तिला एके ठिकाणी फुगवटा आला होता. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. अहवाल थोरल्या मुलाच्या हाती पडला. त्याने तो आम्हांला दाखवला आणि त्याच रात्री स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात, आम्ही सर्वांनी ठरवले : काकांना सांगायचे नाही. धसक्यानेच जातील.

या दुखण्याचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. पोटातील महाधमनीची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ती ३ सेंटिमीटर किंवा अधिक झाली की तो फुगवटा मानला जातो. साठी-पासष्टी उलटलेले पुरुष, त्यातही धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले, यांच्यात तो अधिक आढळतो. रक्तदाब आणि घराण्यातील पूर्वेतिहास हीदेखील कारणे आहेत. बहुतेकांना काहीही दुखत-खुपत नाही. मात्र तो फुटला, तर पोटात किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ येते, घेरी येते आणि अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. अशी कळ गॅसची किंवा मूतखड्याची समजून घरी वेळ दवडणे प्राणावर बेतते. उलट, साध्या सोनोग्राफीने हा फुगवटा आधीच कळू शकतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५व्या वर्षी या तपासणीसाठी बोलावले जाते.

कळल्यावर लगेच शस्त्रक्रिया करायची असेही नाही. फुगवटा ४ ते ५.५ सेंटिमीटर असताना घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही, असे १९९८ साली ब्रिटनमधील आणि २००२ साली अमेरिकेतील अभ्यासाने दाखवून दिले. तोवर धूम्रपान सोडावे, रक्तदाब ताब्यात ठेवावा, ठरावीक काळाने माप घ्यावे. पुरुषांत साधारण ५.५च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. काकांचा फुगवटा ५.८ होता.

म्हणजे हे असे दुखणे, की ज्यात बहुधा वेदना नसते. असते ती केवळ माहिती. आणि तीच आम्ही रोग्यापासून काढून घेतली होती. तीन आठवडे काकांच्या हातातून पाण्याची बादली कोणी ना कोणी काढून घेई. टेकडीची वाट निसरडी झाल्याचे आम्ही सांगू. पोटात गॅस आहे, एवढेच त्यांच्या कानी घातले होते. अखेर एका संध्याकाळी रोझरी आटोपल्यावर ते शांतपणे म्हणाले, “माझ्या पोटात काय आहे ते साऱ्या बिल्डिंगला ठाऊक. एक मलाच ठाऊक नाही.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्यावर प्रेम करीत होतो, हे खरे. पण त्या प्रेमात आमची स्वतःची भीती किती मिसळली होती? त्यांचे रडणे आपल्याला पाहावे लागू नये, म्हणून तर आपण गप्प राहिलो नाही ना?

विख्यात शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली न्यूयॉर्क येथे डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले, तेव्हा महाधमनी बदलण्याची विद्या अवगत नव्हती. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले. पुढे १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी मृत व्यक्तीची धमनी घेऊन फुगलेला भाग बदलून दाखवला. एप्रिल १९५५मध्ये आइन्स्टाइन यांचा फुगवटा फुटला, तेव्हा शस्त्रक्रियेचा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला गेला होता. त्यांनी तो नाकारला. आपला वाटा आपण उचलला आहे, आयुष्य कृत्रिमपणे लांबवण्यात रुची नाही, असा त्यांचा आशय होता. रुग्णशय्येवर त्यांनी चष्मा व कागद मागवून घेतले आणि १८ एप्रिल रोजी, ७६व्या वर्षी, ते गेले.

याच्या उलट उदाहरण डॉ. मायकेल डिबेकी यांचे. पत्नीच्या शिलाईयंत्रावर डॅक्रॉन कापडाच्या नळ्या शिवून धमन्या जोडणारे हे अमेरिकन शल्यविशारद. वयाच्या ९७व्या वर्षी त्यांच्याच छातीतील महाधमनीचा अंतःस्तर फाटला. त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता. परंतु ते बेशुद्ध होताच, पत्नीच्या आग्रहाने आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीच्या संमतीने, फेब्रुवारी २००६मध्ये शस्त्रक्रिया झाली. ते वाचले, २००८पर्यंत जगले आणि झाले ते बरेच झाले, असे पुढे त्यांनी सांगितले.

मग आप्तांनी परस्पर निर्णय घेणे योग्यच नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ते शस्त्रक्रियेच्या मेजावर दगावले असते, तर त्याच कृतीला आपण काय म्हटले असते? परिणाम गोड झाला म्हणून अधिकार सिद्ध होत नाही. शिवाय डिबेकी यांना आपले दुखणे पुरते ठाऊक होते. त्यांच्यापासून कोणी काही लपवले नव्हते.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे अनेकांच्या समजुतीहून वेगळी आहे. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले, की जीव राखण्यासाठी साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही. आणि रोग्याने दिलेल्या अनुमतीवाचून डॉक्टरला वेगळा अधिकार नाही. १९८० साली रोमहून निघालेल्या जाहीरनाम्याने पुढे म्हटले, की कुटुंबावर अवाजवी खर्चाचा भार नको म्हणून असा उपाय नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. रोगी सक्षम असेल तर निर्णय त्याचाच, हे १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातही आहे. पण ज्याला काही सांगितलेच नाही, तो निर्णय कशाचा घेणार?

काकांना आम्ही डॉक्टरांकडे नेले. दोन मार्ग होते. एक, पोट उघडून फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवणे. मोठी शस्त्रक्रिया, जिवाची जोखीम, परंतु टिकाऊ. दुसरा, जांघेतील धमनीतून आत अस्तरासारखी नळी सरकवणे. ही पद्धत १९९० साली ब्यूनोस आयर्समध्ये डॉ. हुआन पारोदी यांनी प्रथम यशस्वी केली. त्रास कमी, पण आयुष्यभर तपासण्या आणि नळीचीच किंमत काही लाखांत. काही न केल्यास तो केव्हा फुटेल, वा फुटेल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नव्हते. सारे ऐकून काका म्हणाले, “नको. झाले तेवढे पुष्कळ झाले.”

खरे सांगायचे तर, त्यांचा नकार ऐकून आम्हांला दुःख झाले आणि त्यासोबत किंचित हायसेही वाटले. त्या हायसे वाटण्याची लाज आम्हांला अजून वाटते. आइन्स्टाइन यांचा नकार मोकळ्या मनाचा होता. काकांचा नकार मुलांच्या पासबुकाकडे पाहून आलेला होता. खर्चाचा विचार करण्याची मुभा ख्रिस्तसभा रोग्याला देते; पण तो विचार त्याला एकट्याला करावा लागू नये, ही जबाबदारी कुटुंबाची नव्हे काय? थोरल्या मुलाने त्यांना सांगितले, “बाबा, पैशांचे आम्ही पाहतो. सरकारी रुग्णालयाचा मार्गही आहे. तो विचार बाजूला ठेवून पुन्हा सांगा.” काकांनी दोन दिवस मागून घेतले आणि पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेला होकार दिला. दुसऱ्यांदाही ते ‘नको’ म्हणाले असते, तर तेही आम्ही मान्य केले असते. निदान आम्ही तसे ठरवले होते.

शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना पंधरा दिवस मिळाले. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघाचा हिशेब त्यांनी पै-पैशासह दुसऱ्याकडे सोपवला. प्रायश्चित्त घेतले, फादरांकडून रुग्णाभ्यंग घेतला. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने ते अशक्त होते. आता टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत जातात, तेथून परततात.

मध्यंतरी आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती हसत दिली. मग थोडे थांबून म्हणाले, “त्या पंधरा दिवसांत मी पुष्कळ कामे उरकली. तुम्ही ठेवून घेतलेले तीन आठवडेही मिळाले असते, तर गावी जाऊन आलो असतो.”