उंदराचं औषध

मराठीत ‘औषध’ हा शब्द फार बेभरवशाचा आहे. बाळाचं औषध म्हणजे बाळ बरं व्हावं म्हणून दिलेलं औषध. आजीचं औषध म्हणजे आजी ठणठणीत राहावी म्हणून वरच्या फळीवर ठेवलेलं औषध. पण ढेकणाचं औषध, झुरळाचं औषध किंवा उंदराचं औषध म्हटलं की अर्थ कोलांटउडी मारतो. इथे रोगी दगावला तरच औषध लागू पडलं असं म्हणतात. वाण्याकडे जाऊन “उंदराचं औषध द्या” म्हटल्यावर “काय होतंय त्याला?” असं विचारणारा वाणी मला आजवर भेटलेला नाही, आणि मी पुण्यात राहतो, जिथे वाणी गिऱ्हाइकाला काहीही विचारू शकतो.

शाळेत आम्हांला षष्ठी विभक्तीचा अर्थ ‘संबंध’ असा शिकवला होता. चा-ची-चे लागलं की संबंध आला. तो संबंध जगवण्याचा की मारण्याचा, हे मात्र गुरुजींनी सांगितलं नव्हतं. ते ज्याचं त्याने पाहून घ्यायचं.

माझ्यावर ते पाहून घेण्याची वेळ आली ती इंग्लंडात. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. “आम्ही दोन उंदीर पाळलेत,” असं तिने आधी फोनवर सांगितलं तेव्हा ही म्हणाली, “त्यात काय? आपल्याकडे न पाळता असतात.” नऊ वर्षांच्या नातीने त्यांची नावं चिवडा आणि लाडू अशी ठेवली होती. दिवाळी परदेशात कशी टिकून राहते, याचं एवढं चालतंबोलतं उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही.

आता उंदीर पाळणं हा इंग्रजांचा आजचा चाळा नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनला जॅक ब्लॅक नावाचा एक इसम होता. उंदीर मारणं हा त्याचा धंदा, आणि स्वतःला तो थेट राणीसाहेबांचा उंदीरमाऱ्या म्हणवून घेत असे. गटारातले तपकिरी उंदीर पकडताना एखादा पांढरा किंवा वेगळ्या रंगाचा सापडला, की हा गडी तो न मारता घरी ठेवायचा, त्याची पैदास करायचा आणि हौशी मंडळींना विकायचा. म्हणजे उंदीर पाळण्याची हौस लोकांना लावणारा माणूस उंदीर मारणाराच! पुढे १९०१ साली एल्झबरी गावच्या प्रदर्शनात मेरी डग्लस नावाच्या बाईंनी उंदरांना मानाने प्रवेश मिळवून दिला, आणि १९७६ साली तिथे शोभिवंत उंदीर पाळणाऱ्यांची राष्ट्रीय संस्थाही निघाली. आपल्याकडे दोन माणसं जमली की तीन संस्था निघतात असं म्हणतात, पण उंदरांसाठी अजून निघालेली नाही.

तर आम्ही पोचल्याच्या चौथ्या दिवशी चिवडा शिंकू लागला.

वय सात आठवडे. उंदराचं आयुष्यच मुळी दोन-तीन वर्षांचं, तेव्हा सात आठवडे म्हणजे शाळेत जाण्याचं वय. अंगावरचे केस पिंजारलेले, पाठ कुबडलेली, आणि नाकाशी नि डोळ्यांभोवती लाल डाग. नातीने ते रक्त समजून घर डोक्यावर घेतलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे रक्त नव्हे. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिचा स्रावच लालसर असतो. उंदीर आजारी पडला की तो पुसायचा राहतो आणि दिसू लागतो. थोडक्यात, आजारपणात दाढी वाढावी तसं. छातीत मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू होता. तो बहुतेक पाळीव उंदरांच्या छातीत मुक्कामालाच असतो आणि संधी मिळाली की हातपाय पसरतो. त्यात उंदराला तोंडाने श्वास घेता येत नाही. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडून झोपतो, वर घोरतोही. उंदराचं नाक चोंदलं की प्रकरण जिवावर येतं.

औषधाच्या पाकिटावर रोग्याचं नाव छापलेलं होतं, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे ‘चिवडा’च्या पुढे माझ्या जावयाचं आडनाव होतं. औषधपाण्याचा खर्च उंदराच्या किमतीच्या चौपट झाला. जावयाने तो निमूटपणे दिला. आडनाव लावल्यावर माणूस दुसरं काय करणार?

लेक-जावई कामावर, नात शाळेत. घरात रिकामटेकडे आम्ही दोघं. त्यातही हिने “मी त्याला शिवणार नाही” असं जाहीर केल्यामुळे शुश्रूषा माझ्या पदरात पडली. लाकडाचा भुसा काढून पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या घालायच्या. कोपऱ्यात ऊब ठेवायची. लाडूला वेगळं करायचं नाही, कारण एकटा पडलेला उंदीर आणखीच खंगतो. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. आणि रोग्याला कानाशी धरून त्याच्या छातीत करकर वाजतंय का ते ऐकायचं. गेली चाळीस वर्षं आमच्या घरात उंदराचा आवाज आला की मी काठी शोधतो. इथे मी डोळे मिटून, श्वास रोखून उंदराचा आवाज ऐकत होतो आणि तो स्वच्छ आला म्हणून मला हायसं वाटत होतं.

औषध मात्र सोपं नव्हतं. उंदीर जातीचा संशयी. नवा पदार्थ आधी चिमूटभर चाखायचा, मग थांबून पोटाचा अंदाज घ्यायचा, हा त्याचा शिरस्ता. कारण उंदराला उलटी करता येत नाही. चुकीचं पोटात गेलं की गेलं. म्हणून कुसकरलेल्या केळ्यात औषध लपवून, पहिला घास बिनऔषधाचा द्यायचा आणि विश्वास बसला की दुसरा औषधाचा. हे करताना माझ्या लक्षात आलं, की ही कला मला येते! पुण्यात सापळ्याला भजं लावतानाही पहिल्या रात्री सापळा उघडाच ठेवतात आणि दुसऱ्या रात्री चाप लावतात. युक्ती तीच, हात तोच, उंदराचा भाबडेपणाही तोच.

एवढ्यात पुण्याहून मेहुण्याचा फोन. आमच्या मागे तो घर सांभाळत होता.

“इथे उंदरांनी उच्छाद मांडलाय,” तो म्हणाला. “कालच औषध ठेवलं.”

“मीही देतोय,” मी म्हटलं. “सकाळ-संध्याकाळ.”

“दोनदा? आणि मरत नाही?”

“छे! आज चार ग्रॅम वाढला.”

“मग औषध बदला,” मेहुणा कळकळीने म्हणाला.

आता या मेहुण्याची गंमत अशी, की त्याच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून तो रोज वॉरफरिनची गोळी घेतो. हे वॉरफरिन १९४८ साली बाजारात आलं ते उंदीर मारण्यासाठी. १९५४ मध्ये त्याला माणसांचं औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनाही ते देण्यात आलं. उंदरांसाठी हल्ली वापरतात ती पुष्कळशी विषं याच घराण्यातली, फक्त जास्त जहाल. म्हणजे आमच्या घरात उंदराचं औषध माणूस घेत होता आणि जगत होता. उंदीर घेत होते आणि मरत होते. आणि सातासमुद्रापलीकडे माणसाचं म्हणून ओळखलं जाणारं प्रतिजैविक एक उंदीर केळ्यातून खात होता.

त्या रात्री नातीने विचारलं, “आजोबा, पुण्याच्या घरातला उंदीर आजारी पडला तर त्याला औषध कोण देतं?”

“तुझे मामाआजोबा देतात,” मी म्हटलं. शब्दाला शब्द खरा होता. ती समाधानाने झोपली. मी जागा राहिलो.

प्रश्न साधा होता. चिवड्यात असं काय आहे, जे आमच्या माळ्यावरच्या उंदरात नाही? हुशारी म्हणावी, तर पाळीव उंदीर हा गटारातल्या तपकिरी उंदराचाच वंशज. आपला माळ्यावरचा काळा उंदीर त्याचा चुलतभाऊ. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं, की नळकांड्यात अडकलेल्या सोबत्याला दुसरा उंदीर दार उघडून सोडवतो, आणि जवळ चॉकलेट असलं तर पुष्कळदा त्याच्यासाठी त्यातलं ठेवतोही. आमच्या सोसायटीत लिफ्ट अडकली तेव्हा एवढंही झालं नव्हतं. पण हा गुण उंदराच्या जातीचा झाला, एकट्या चिवड्याचा नव्हे. गोंडसपणा म्हणावा, तर शेपटी दोघांचीही सारखीच किळसवाणी. उपयोग म्हणावा, तर चिवड्याचा उपयोग शून्य.

उलट बाजूही खोटी नाही. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला तो उंदरांच्या पिसवांवर बसून. लेप्टोचे रोगी अजून पावसाळ्यात निघतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर उंदराला कावळ्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, पण मंडईतल्या विक्रेत्यांवर त्याचा परिणाम झालेला दिसत नाही. धान्याच्या कोठारात, दवाखान्यात किंवा बाळाच्या पाळण्याशी उंदीर आला तर “दोघेही ईश्वराचीच लेकरं” म्हणत बसणारा माणूस साधू नव्हे. तो फक्त स्वतः पाळण्यात नसतो.

मला आपली शिबिराजाची गोष्ट आठवली. कबुतर मांडीवर येऊन बसलं म्हणून राजाने त्याला अभय दिलं. ते कबुतर काही इतर कबुतरांहून गुणी नव्हतं. ते मांडीवर होतं, एवढीच त्याची पात्रता. माणसाचं देणं असंच लागू होतं: समोरच्याची लायकी पाहून नव्हे, तर आपण त्याला जवळ केलं म्हणून. चिवड्याला आम्ही पिंजऱ्यात ठेवलं, म्हणजे स्वतःची ऊब नि स्वतःचं अन्न शोधण्याची त्याची वाट आम्ही बंद केली. मग ते दोन्ही पुरवणं हा उपकार नाही, उधारी आहे. षष्ठीचा अर्थ संबंध, तो हा असा.

पण गोष्टीचा दुसरा भाग आपण मुलांना घाईने सांगतो. ससाणाही राजाला विचारतो, की माझ्या भुकेचं काय? आणि शिबिराजा त्याला “चल, हट” म्हणत नाही. मांडीवर नसलेल्याचाही काहीतरी हिशेब असतो, हे तो मानतो. आमच्या माळ्यावरच्या उंदराला मी औषध लावणार नाही. पण त्याला दुखतं हे चिवड्याला कानाशी धरल्यावर मला नाकारता येईना. ते विष त्याला लगेच मारत नाही. संशय येऊ नये म्हणून ते मुद्दामच सावकाश काम करतं. तीन-चार दिवस तो आतल्या आत रक्त सांडत फिरतो. चिकट पुठ्ठ्यावर तर तो जिवंतच चिकटून राहतो. इंग्लंडात २०२२ च्या कायद्याने त्यावर बंदी आली आणि ती ३१ जुलै २०२४ पासून लागू झाली. मारणं टळत नसेल तेव्हा ते झटपट तरी उरकावं, इतका त्याचा हक्क बहुधा आपण आडनाव न लावताही मान्य करायला हरकत नसावी.

चिवडा तीन आठवड्यांत सावरला. जंतू जन्मभर छातीत राहणार, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं. शेवटच्या आठवड्यात एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर ही पिंजऱ्याशी बसलेली. हातात चमचा, चमच्यात मऊ भात. “शिवले नाहीये हं मी,” ती म्हणाली. “चमच्याने देतेय.”

पुण्याला परतल्यावर मी मंडईत गेलो. दुकानदाराने वड्या, पुठ्ठे, चापाचे सापळे असं सगळं मांडलं. “पिंजरा द्या,” म्हटलं, तर तो म्हणाला, “काका, धरून सोडणार कुठे? सगळे पलीकडच्या गल्लीत सोडतात. पलीकडच्या गल्लीतलेही माझ्याकडूनच पिंजरे नेतात.”

म्हणून शेवटी गवंडी बोलावला. अंगठा शिरेल एवढ्या भोकातूनही उंदराचं पिल्लू आत येतं. माळ्यावरची, मोरीजवळची, नळाच्या कडेची अशी चौदा भोकं निघाली. तारेचा काथ्या कोंबून त्याने ती सिमेंटने बुजवली आणि त्या दिवसाची मजुरी घेतली. ती चिवड्याच्या औषधपाण्याहून कमी भरली. अहिंसेवर पुष्कळ थोर माणसांनी लिहिलंय; पण तिच्यात गवंडीकाम किती असतं, ते फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

मेहुण्याला मात्र हा उपाय पटलेला नाही. “एवढा खर्च करण्यापेक्षा औषध आणायचं,” असं तो अजून म्हणतो, आणि रात्री जेवणानंतर आठवणीने आपली गोळी घेतो.