माती सचित्त की अचित्त?

जैन तत्त्वज्ञान मातीला पृथ्वीकायिक जीवांचे शरीर मानते. हे जीव एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाची जाणीव असलेले असतात, आणि ज्या मातीत ते नांदतात ती सचित्त, ज्या मातीतून ते निघून गेले ती अचित्त. यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ, ज्याचा पहिला भाग सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९४३ साली प्रसिद्ध केला, जैन विश्वरचनेतील चित्रा नावाच्या पृथ्वीचे वर्णन करताना वाळू, शिसे, चांदी, लोखंड आणि तांबे एकाच ओळीत बसवतो.

शिसे आणि माती यांचे हे नाते भूविज्ञानालाही वेगळ्या वाटेने सापडले आहे. शेल म्हणजे पाण्याच्या तळाशी साचलेला चिखल दाबाखाली घट्ट होऊन बनलेला, पापुद्र्यांनी सुटणारा खडक. त्या चिखलात गाडल्या गेलेल्या जीवांच्या प्रथिनांमधील नायट्रोजन कुजताना आणि तापताना अमोनियमच्या रूपाने मोकळा होतो, आणि आकार व विद्युतभार पोटॅशियमशी जुळता असल्यामुळे इलाइट या मृत्तिका-खनिजाच्या दोन थरांमध्ये पोटॅशियमच्या जागी जाऊन बसतो. अलास्काच्या डिलाँग पर्वतरांगेत शिशासारख्या धातूंच्या साठ्यांभोवतीच्या काळ्या शेलमध्ये असे इलाइट असल्याचे १९८२ साली प्रसिद्ध झाले. अमोनियम पोटॅशियमपेक्षा किंचित मोठा असल्याने थरांमधील अंतर १० ऑंगस्ट्रॉमवरून सुमारे १०.३ पर्यंत वाढते, आणि एक ऑंगस्ट्रॉम हा मिलिमीटरचा एक कोटीवा भाग आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेल्या जीवसृष्टीची खूण एवढ्याशा फटीत टिकून राहते, हे खरोखर विस्मयकारक आहे.

मात्र यावरून पृथ्वीकायिक जीव सिद्ध झाला असे म्हणणे ही विज्ञानाची आणि दर्शनाची, दोहोंचीही फसवणूक ठरेल. अमोनियम हा जैन परिभाषेत पुद्गल, म्हणजे स्पर्श, रस, गंध आणि वर्ण असलेले जड द्रव्य आहे. तो जीवाच्या देहातून आला तरी जीव नव्हे, आणि चेतना हे जीवाचे लक्षण कोणत्याही उपकरणाने मोजले जात नाही. ‘तिलोयपण्णत्ती’ जिथून प्रसिद्ध झाला त्या सोलापुरात पायाखाली शेल नाही, बेसाल्ट आहे, आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून फावड्याला चिकटते; तिच्या मृत्तिका-खनिजांतही शेणखताचा अमोनियम धरून ठेवला जातो, परंतु तेवढ्याने ती सचित्त ठरत नाही. सचित्त-अचित्त हा भेद मुळात मातीच्या घटकांविषयी नसून मातीशी माणसाने कसे वागावे याविषयी आहे, आणि म्हणूनच जैन मुनी नुकत्याच खणलेल्या ओल्या मातीवर पाऊल ठेवत नाहीत.