लक्ष्यामागची भिंत

नेमबाजीच्या रेंजवर नवख्याच्या हाती पिस्तूल देण्याआधी काही नियम पाठ करून घेतले जातात. त्यातला एक असा की, नेम कशावर धरला आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही. रेंजवर हा नियम पाळणे सोपे असते, कारण लक्ष्याच्या मागे मातीचा बांध असतो. बदलापुरातल्या कात्रपच्या सोसायटीत तो सोपा राहत नाही. एका मजल्यावर चार फ्लॅट, समोरासमोर सेफ्टी डोअर, मधल्या जागेत चपलांचे स्टँड आणि कोणाची तरी सायकल. आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मागे शेजाऱ्याचे दार असते आणि त्या दारामागे शेजाऱ्याचा हॉल.

अशा घरात पिस्तूल ठेवावे का? ठेवायचेच तर कोणते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत ठरलेले आहे. घराच्या रक्षणाला आणि रेंजवरच्या सरावाला एकच हत्यार हवे असेल तर पूर्ण आकाराचे सेमी-ऑटोमॅटिक घ्या, असे तिथला दुकानदार सांगतो आणि ग्लॉक १७, बेरेटा ९२, सीझेड ७५ अशी नावे समोर ठेवतो. तांत्रिक बाजूने त्याचे म्हणणे खरे आहे. नळी साडेचार-पाच इंचांची, मूठ सगळी बोटे मावतील एवढी, वजन जास्त म्हणून झटका कमी. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जास्त असल्याने नेमातली चूकही लवकर दिसते. खिशात लपवायचे नसेल तर छोटे पिस्तूल घेण्यात काहीच अर्थ नाही.

बदलापूरकराला मात्र निवडीचा हा चैनीचा भाग मिळत नाही. वर नाव घेतलेली पिस्तुले ९ मिलिमीटरची, आणि हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, तो फौज-पोलिसांसाठी. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते मुख्यतः .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, तेही बहुधा सरकारी आयुध कारखान्यांत बनलेले, ‘अशनी’सारखे. १९८०च्या दशकापासून परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी बंद असल्याने जुनी विलायती पिस्तुले लाखोंच्या भावाने हात बदलतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारे ठेवता येतात. बदलापूरची दोन्ही पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, त्यामुळे परवाना द्यायचा की नाही हे आयुक्त ठरवतात. आणि निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, म्हणजे घर राखायला घेतलेले पिस्तूल नेमके धामधुमीच्या दिवसांत घरात नसते. कोणते पिस्तूल, हा प्रश्न इथेच संपतो. उरतो तो पहिला, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कॅटलॉगात नाही.

या प्रश्नावरचा मराठी मुलखातला वाद निदान १९०९ इतका जुना आहे. त्या वर्षी लंडनहून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या खोट्या तळात दडवून धाडलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. दुसरी गोष्ट होती ‘हिंद स्वराज्य’. गांधींनी ती नोव्हेंबरात, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना, ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर लिहिली. त्या पुस्तिकेत घरात शिरणाऱ्या चोराचा एक लांबलचक दृष्टान्त आहे. चोर हत्यारबंद असेल तर तुम्ही शेजारी गोळा कराल, तो टोळी गोळा करेल, तुम्ही आणखी हत्यारे आणाल आणि शेवटी सगळा गाव अशांत होईल, असा हिशेब गांधी मांडतात. त्यांचा उपाय दारे-खिडक्या उघड्या ठेवण्यापर्यंत जातो. कात्रपमध्ये हे कोणी करणार नाही, करूही नये. पण त्याच दृष्टान्तात गांधी आधी एक बोचरा प्रश्न विचारतात: चोरी करायला आलेला माणूस स्वतःचा बाप निघाला तर तुम्ही तोच उपाय योजाल का? ओळखीचा निघाला तर? अंधारात कुलूप खडखडवणारा माणूस शेवटच्या बदलापूर लोकलने उशिरा परतलेला मुलगाही असू शकतो किंवा मजला चुकलेला, पिऊन आलेला शेजारी. पिस्तुलाला दोन सेकंदांत उत्तर हवे असते. माणूस ओळखायला त्याहून जास्त वेळ लागतो.

धर्मशास्त्र गांधींइतके कडक नाही. चाल करून येणाऱ्या आततायीला मारण्यात दोष नाही, मग तो गुरू असो की म्हातारा, असे मनुस्मृतीचे प्रसिद्ध वचन आहे. टिळकांनी गीतारहस्यात अहिंसेचे अपवाद सांगताना त्याचा आधार घेतला. आततायी कोण, याची परंपरेने दिलेली यादी सहा जणांची आहे: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्या माणसाने या यादीतल्या पाचव्या नावापाशी थोडे थांबावे. सातबाऱ्यावरून भाऊबंदकी न झालेले गाव या पट्ट्यात शोधावे लागेल. शेत बळकावणारा आततायी म्हटला, तर अंबरनाथ तालुक्यातले अर्धे दिवाणी दावे पिस्तुलाने मिटवायला शास्त्राची परवानगी मिळते.

२ फेब्रुवारी २०२४ला हे जवळजवळ अक्षरशः घडले. उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद द्वारली गावच्या जमिनीचा होता. महेश गायकवाड वाचले. पोलिसांसमोर आपल्या मुलाला धक्काबुक्की होत होती, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे गणपत गायकवाड यांनी एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितले. त्यांचा गुन्हा किती आणि कोणता, हा न्यायालयाचा विषय आहे. विचार करायचा तो त्या जागेचा. ज्या खोलीत कायदा खुर्ची टाकून बसलेला असतो, तिथेसुद्धा हत्यार जवळ असले की स्वसंरक्षण सुचते.

जुन्या भाष्यकारांना हा धोका दिसत होता. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, १०६०च्या सुमारास उभे राहिले. त्यानंतर काही दशकांतच आजच्या बीदर जिल्ह्यातल्या कल्याणीला चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली. आततायीच्या वचनाची सरळ मुभा देणे त्याने नाकारले. त्याचा विचार थोडक्यात असा: ब्राह्मण वगैरे आततायीला स्वतःच्या रक्षणासाठी अडवत असताना, मारण्याचा हेतू नसताना, तो चुकून मेला, तर मारणाऱ्याला दंड नाही, प्रायश्चित्तही हलकेच. सवलत अडवण्याला आहे. मरण हा अपघात, ठराव नव्हे. आता शेजारच्या खोलीत रात्रभर भरून ठेवलेले पिस्तूल या कसोटीवर ठेवून पाहावे. ते विकत घेताना, त्यासाठी काडतुसे निवडताना, झोपताना ते कोणत्या खणात ठेवायचे हे ठरवताना मारण्याचा हेतू अनेक वेळा मनात येऊन गेलेला असतो. फक्त कोणाला, ती जागा रिकामी सोडलेली असते.

बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच मुद्दा अधिक नेमका केला. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे ते म्हणतात आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत रेघ ओढतात. ही रेघ पुस्तकात स्वच्छ दिसते. घरात ती पुसट होते, कारण गरज क्षणात येते आणि इच्छा महिनोन्‌महिने मुरते. विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या गीता-प्रवचनांत अर्जुनाला कोपरखळी मारली होती. अनेकांना फाशी सुनावलेल्या न्यायाधीशाला स्वतःचा मुलगा समोर आल्यावर फाशी अमानुष वाटू लागते, तशी अर्जुनाची अहिंसा, असे ते म्हणाले. साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली म्हणून आज वाचायला मिळतात. पिस्तूलवाल्या गृहस्थाची गत याच्या बरोबर उलटी. अर्जुन समोर आपले आहेत म्हणून कचरला. हा समोरचा परका आहे या खात्रीवर निर्धास्त असतो, आणि ती खात्री त्याने अंधारात, झोपेतून उठून केलेली असते.

जैन आचारशास्त्राने या जागी सर्वांत व्यवहारी विचार केला आहे. गृहस्थाने स्वतःच्या व आश्रितांच्या बचावासाठी केलेली हिंसा, तिला विरोधी हिंसा म्हणतात, श्रावकाला टाळता येत नाही म्हणून ती सोसली जाते. पण त्याच आचारशास्त्रात हिंसादान नावाचा स्वतंत्र दोष आहे: हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे. हिललाईनच्या घटनेनंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली आणि मारणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःवर गोळी झाडली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते पिस्तूल त्याचे नव्हते, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या पहाटे अभिनेता गोविंदा आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना स्वतःच्याच पायात गोळी लागून जखमी झाला. चोर दोन्ही ठिकाणी नव्हता. २००८च्या हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरात पिस्तूल ठेवणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. पण त्याच देशात १९९३ साली केलरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका इतर घरांहून सुमारे २.७ पट निघाला. त्या अभ्यासावर आजही वाद चालतो. गोविंदाच्या पायावर वाद नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. उल्हासनगर ज्यांनी वसवले त्या सिंधी कुटुंबांनी फाळणीत घरे गमावली. हत्यार घरात असते तर, असा विचार त्यांच्या वाडवडिलांच्या मनात आला असेल तर त्यांना अहिंसेचे धडे देणारा निर्लज्जच म्हणावा लागेल. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायची असेल तर हिंसा निवडा, असे गांधींनीही १९२०मध्ये लिहिले. शस्त्राविषयीचा आदरही इथे रोजच्या जगण्यातला आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळेचे काम होते, तिथून रिटायर झालेली माणसे बदलापुरात राहतात, आणि खंडेनवमीला यंत्राला हळद-कुंकू लावताना ती कुणाच्या मरणाची प्रार्थना करत नाहीत.

कायदाही गृहस्थाला दुबळे ठेवत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत खासगी बचावाचा हक्क जातो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. या दोन अटी पुस्तकात एका ओळीच्या आहेत. त्या पाळायला किती अवघड, हे बदलापूरने जवळून पाहिले आहे. २३ सप्टेंबर २०२४ला इथल्या एका शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. आपण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. शहरात फटाके वाजले. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने तो दावा संशयास्पद ठरवला. प्रशिक्षण घेतलेल्या, गणवेशातल्या माणसांची ही कथा. मग कात्रपच्या तिसऱ्या मजल्यावर घामाघूम होऊन उठलेल्या गृहस्थाकडून गरजेइतकीच इजा मोजून करण्याची अपेक्षा कोणी करायची?

म्हणून एकच पिस्तूल घराला आणि रेंजला, हा सल्ला मोडीत निघतो. हत्यार एक असेल, पण हात दोन वेगळ्या शिस्तींचा लागतो. २०१८च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्याच्या वेगवान फेरीत एकेका गोळीला तीन सेकंद मिळतात आणि दोन गोळ्यांमध्ये सात सेकंद हात खाली ठेवावा लागतो. तीन सेकंदांच्या कामासाठी सात सेकंद थांबायचे, हे त्या खेळाचे गणित आहे. तिथला कागद पळत नाही, त्याला आई नाही, आणि त्याच्या मागे बांध आहे.

ज्याला पिस्तुलाची ओढ आहे त्याने ती रेंजवर भागवावी. वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही, त्यावर हात बसला की क्लबच्या वाटेने .२२ कडे जावे. कात्रपच्या फ्लॅटला हवे आहे ते जाड चौकटीचे दार, आतून चांगली कडी, जिन्यात रात्रभर जळणारा दिवा आणि फोनमध्ये ११२. एवढे करूनही .३२चा अर्ज भरावासा वाटला, तर भरण्याआधी शेजाऱ्याच्या दाराशी उभे राहून आपल्या दाराकडे एकदा पाहावे, आणि त्या शेजाऱ्याला विचारावे.